मशीनमधल्या साती आसरांची कहाणी

ऐका साती आसरांनो, पाण्याच्या बहिणींनो, तुमची कहाणी.

आटपाट नगर होतं. नगरात एक विहीर होती, विहिरीत सात आसरा राहत होत्या. बाया धुणं घेऊन यायच्या, आधी आसरांना हळदकुंकू वाहायच्या, मग दगडावर कपडे आपटायच्या. पुढं घरोघरी नळ आले. मग बिल्डर आला. त्यानं विहीर बुजवली, वर सहा मजले चढवले, आणि इमारतीला 'जलविहार' नाव दिलं. आसरांनी विचार केला, पाणी जाईल तिथं आपण जावं. मग त्या नळात शिरल्या.

त्या इमारतीत द्वारकाबाई राहत होत्या. घरी यजमान अप्पा होते, सून केतकी होती. सुनेला सहावा महिना लागला होता. तिला वाकवत नाही म्हणून परगावच्या मुलानं धुण्याचं मशीन पाठवलं. पांढरंशुभ्र, पोटाला गोल काच. द्वारकाबाईंनी त्यावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, अक्षता वाहिल्या, समोर पाट मांडून बसल्या. आत पाणी चढलं. कपडे उठले, फिरले, पडले, पुन्हा उठले. हात नाही, दगड नाही, आणि मळ निघतोय. द्वारकाबाईंचा जन्म धुण्यात गेला होता. त्यांचे हात आपसूक जोडले गेले.

मशीनला एक चकती होती. चकतीवर तीन धुलाया होत्या. धाकटी पाव तासाची, मधली तासाभराची, थोरली अडीच तासांची. द्वारकाबाई मनाशी म्हणाल्या, एकादशणीपेक्षा लघुरुद्र मोठा, लघुरुद्रापेक्षा महारुद्र मोठा. जितका वेळ जास्त, तितकं पुण्य जास्त. मग त्यांनी थोरलीचा नेम धरला. चादर थोरलीला, सदरा थोरलीला, अप्पांनी एकदा शिंकलेला रुमालही थोरलीला.

केतकी म्हणाली, "आई, हा सदरा अप्पांनी जिन्यापर्यंतच घालून नेला होता. धाकटीत निघेल."

"पाव तासात माणसाची आंघोळ तरी धड होते का?"

"माझी तीन मिनिटांत होते," अप्पा पेपरमागून म्हणाले.

"ते दिसतंच आहे."

मग काय झालं? सदऱ्यांच्या कॉलरी विरल्या. टॉवेलांची लव गेली. द्वारकाबाईंची रोजची सुती साडी तर इतकी झिरझिरीत झाली, की तिच्यातून पलीकडचं कॅलेंडर वाचता यावं. अप्पांचा लोकरी स्वेटर वीतभर होऊन बाहेर आला. अप्पांनी तो उलटसुलट पाहिला. म्हणाले, "टाकू नका. बाळकृष्णाला होईल." द्वारकाबाईंनी मनावर घेतलं नाही. म्हणाल्या, हल्ली कापडच पूर्वीसारखं येत नाही. अशा त्या उतल्या, मातल्या.

द्वारकाबाईंच्या पेटीत त्यांच्या आईचं जुनेर होतं. सुती लुगडं, वापरून वापरून सायीसारखं मऊ झालेलं. घरचा रिवाज असा, की बाळाचं पहिलं दुपटं त्या जुनेराचं. द्वारकाबाई त्यातच गुंडाळल्या गेल्या, त्यांचा मुलगाही त्यातच. दर बाळाला एक तुकडा फाडायचा. आता एका बाळापुरतं उरलं होतं.

केतकी म्हणाली, "आई, हे तरी हातानं धुऊ या."

"रुमालाला थोरली, आणि माझ्या आईच्या लुगड्याला परात? आत कुणाला काय वाटेल?"

"आत कोण आहे, आई?"

केतकी अप्पांबरोबर तपासणीला गेली. द्वारकाबाईंनी जुनेर आत घातलं, चकती थोरलीवर फिरवली, पाटावर बसल्या. तोच दारात कुणी आलं. बघतात तर एक म्हातारी. हिरवं लुगडं, मोकळे केस, नखशिखान्त ओली. बाहेर रखरखीत ऊन होतं.

"बाई, पाणी दे."

द्वारकाबाईंनी गूळ दिला, पाणी दिलं. म्हातारी सरळ आत आली, पाटावर बसली, काचेतून बघू लागली.

"आत काय घातलंयस?"

"आईचं जुनेर."

"कुणाकडे सोपवलंस?"

"थोरलीकडे."

"जुनेराला विचारलंस?"

द्वारकाबाईंनी काचेकडे पाहिलं. एक धागा काचेला चिकटला. मग दुसरा चिकटला. मग धाग्यांचा झुबकाच फिरू लागला. त्यांनी दार ओढलं, उघडेना. काचेवर हात मारला, थांबेना. आई डोळ्यांदेखत विरतेय असं त्यांना झालं. त्या म्हातारीच्या पायाशी बसल्या.

"बाई, उपाय सांग."

"सांगेन. पण उतशील, मातशील, घेतला वसा टाकशील."

"उतत नाही, मातत नाही, घेतला वसा टाकत नाही."

"मग ऐक. धुण्याच्या वेळी कपडा हातात घ्यावा, त्याला तीन गोष्टी विचाराव्या. कुठं गेला होतास? तुला काय लागलं? किती थकलास? जवळ जाऊन आला असेल, त्याला धाकटीकडे द्यावा. दिवसभर घामात राबला असेल, त्याला मधलीकडे द्यावा. पुसणी-पायपुसणी, आजाऱ्याच्या चादरी थोरलीकडे. तिला रोज बोलावलंस तर ती कापड खाते, कधीच बोलावलं नाहीस तर मशीनला वास येतो. आणि जे थकलं, ते कुणाकडेच देऊ नये. परातीत पाणी घ्यावं, आपल्या हातानं हलवावं. आता ते थांबवायचं बटण दाब, आणि धीर धर. पाणी उतरल्याशिवाय दार उघडत नसतं."

द्वारकाबाईंनी बटण दाबलं. फिरणं थांबलं. पाणी गुडगुडत उतरलं, जुन्या विहिरीत घागर बुडावी तसा आवाज झाला. खटका पडला, दार उघडलं. जुनेराचे काठ गेले होते, मधलं अंग शाबूत होतं. ते उराशी धरून द्वारकाबाई वळल्या, तर पाट रिकामा. फरशीवर ओली पावलं होती. दारापासून पाटापर्यंत, पाटापासून मशीनपर्यंत. परतीची नव्हती.

अप्पा आले. म्हणाले, "नळ गळतोय." वाकून पाहिलं, नळ कोरडा होता. पावलांकडे पुन्हा पाहिलं. मग घरातही कधी न काढलेल्या आपल्या चपला त्यांनी उंबऱ्याबाहेर नेऊन ठेवल्या.

पुढं केतकी बाळंत झाली, मुलगी झाली. जुनेरात गुंडाळली, तर पावलं उघडी राहिली. द्वारकाबाई म्हणाल्या, "माझ्या हौसेएवढं कमी पडलं गं." केतकी उठली. थोरलीनं झिरझिरीत केलेली सासूची साडी घेऊन आली.

"आई, हात लावून बघा."

सायीसारखी मऊ होती. द्वारकाबाईंनी ती हातात घेतली, रीतीप्रमाणे विचारलं, "कुठं गेली होतीस? तुला काय लागलं? किती थकलीस?" मग आईच्या जुनेराला त्यांनी ती टाके घालून जोडली. मुलीची पावलं झाकली गेली. उरलेली साडी पुढच्या बाळांसाठी पेटीत गेली.

जशा साती आसरा द्वारकाबाईंना पावल्या, तशा तुम्हांआम्हां पावोत. कुणाचं जुनेर विरू नये, कुणाच्या बाळाची पावलं उघडी राहू नयेत. ही साठां उत्तरांची कहाणी, बेतानं धुऊन, पांचा उत्तरी दांडीवर वाळत घातली, सुफळ संपूर्ण.