उभी तुळई

संस्थानात नगारखाना बांधला जात होता. इंजिनिअर भडकमकरांनी सागवानी तुळया रुंद बाजूवर निजवायला सांगितल्या. म्हाळू सुतार महाराजांना म्हणाला, "सरकार, अरुंद बाजूवर उभ्या बसवा. नाहीतर नगाऱ्यांच्या वजनानं वाकतील आणि वाजवणारे खाली येतील."

भडकमकर उसळले. "मी हिशेब केलाय. तू किती शिकलास?"

"मी अडाणी, साहेब. पण तुमची पट्टी शिकलेली असेल. तिलाच विचारू."

म्हाळूनं साहेबांची लाकडी पट्टी दोन विटांवर निजवून मध्ये बोट दाबलं. ती वाकली. मग तीच त्यानं कडेवर उभी धरली. "आता तुम्ही वाकवा."

साहेबांनी सगळा जोर लावला. पट्टी वाकली नाही.

महाराजांनी हसू दाबलं. "भडकमकर, पट्टीचा अभिप्राय कागदावर उतरवा आणि खाली सही करा."

भडकमकरांनी सही केली. तुळया उभ्या बसल्या.