आधी पेटी, मग पानं

किराण्याचं बिल पाहून मामलेदार रावसाहेब त्र्यंबकरावांनी चष्मा कपाळावर चढवला. "अगं, अख्खा तालुका मी चालवतो आणि तुला एक कोठी आवरत नाही? पुढच्या महिन्यात खर्च निम्म्यावर आला पाहिजे. पण ताटातला एकही पदार्थ कमी झालेला मला चालणार नाही. जमलं नाही तर कोठीच्या किल्ल्या आमच्या आत्याच्या हाती!"

सगुणाबाईंनी पदर खोचला. "आणि जमलं, तर मी महिनाभर माहेरी जाणार."

रावसाहेबांच्या पंगतीला रोज रात्री पाच-सहा माणसं ठरलेली असत. जेवणं झाली की रावसाहेब पेटी पुढ्यात ओढून पदं म्हणत. भरल्या पोटी माणसं निमूट ऐकत. आपल्या गळ्यासाठीच ही मंडळी येतात, याबद्दल रावसाहेबांना तिळमात्र शंका नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून पाहुणे ओसरीवर टेकले, की सगुणाबाई आतून सांगत, "स्वयंपाकाला जरा अवकाश आहे. तोवर यांची पदं होऊ द्यात." रावसाहेब खूश! दुसऱ्या पदाला कुणाला घरचं काम आठवे, तिसऱ्याला कुणाचं डोकं दुखू लागे. आठवडाभरात ओसरीवर चिटपाखरू फिरकेना.

महिनाअखेरीला बिल निम्म्याच्याही खाली आलं. ताटातलं तूप मात्र तेवढंच होतं. रावसाहेब चक्रावले. "केलंस तरी काय?"

"काही नाही. लोक जेवणाचं मोल गाणं ऐकून फेडत होते, पण जेवल्यानंतर. मी ते आगाऊ घेतलं."

रावसाहेबांचा चेहरा पडला. "म्हणजे आता माझं गाणं ऐकायला एकटी तूच उरलीस?"

"म्हणून तर," सगुणाबाई ट्रंकेचं झाकण लावत म्हणाल्या, "माहेर मागून घेतलं!"