राउटरकडून शिकलेला भिकोबा

एका गावात एक भोळा गवळी राहत होता. नाव भिकोबा. मन साखरेचं, डोकं मात्र कोऱ्या पाटीसारखं. शेवटचं जे कुणी लिहील तेच खरं.

त्याची म्हैस बिजली दिवस भरलेली होती. मागच्या खेपेला भिकोबा झोपला आणि रेडकू दगावलं. आणि नेमकं आत्ताच बायकोला, गोदाला, बहिणीकडं बारशाला जाणं भाग होतं. पण गोदा कच्च्या गुरूची चेली नव्हती. तिनं गोठ्यात कॅमेरा बसवून घेतला.

नेटवाला विलास म्हणाला, "बाहेरगावाहून चित्र दिसायला राउटरचा, म्हणजे ह्या नेटच्या डबीचा, एक पोर्ट उघडावा लागतो. पोर्ट म्हणजे दारच समजा. हा बघा, उघडला. पण काका, उघडलाय की नाही ते घरात बसून कळत नसतं. बाहेरूनच तपासायचं."

"बरं," भिकोबा म्हणाला.

गोदा गेली. वेशीपाशी पोचते तोच तिचा फोन. "अहो, चुलीवर दूध आहे. उतू जातंय का बघा."

भिकोबा अंगणात गेला, दार ओढून घेतलं आणि खिडकीतून बघत बसला. धुरात काय दिसणार, कपाळ! दूध चुलीत गेलं.

"अहो, बघायचं म्हणजे अगदी जवळ उभं राहायचं!" गोदा कडाडली.

"बरं."

दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "कॅमेरा बिजलीकडंच रोखलाय का, बघा जरा."

भिकोबा कॅमेऱ्याला नाक लावून उभा राहिला. तासभर हलला नाही. तिकडं गोदाच्या मोबाइलवर म्हैस नाही, गोठा नाही. नुसत्या दोन नाकपुड्या!

"व्हा बाजूला! घरात जाऊन बसा गुमान!"

"बरं."

तो घरात जाऊन बसला. तेवढ्यात विलासचा फोन. "काका, पोर्ट उघडला की परके लोक येऊन ठोठावतात. घाबरू नका. राउटरला सांगून ठेवलंय, ओळखीचा नसेल तर हूं की चूं करायचं नाही. त्याला वाटतं घरात कुणी नाहीच. जातो निघून."

भिकोबाला हे फार आवडलं. एवढीशी डबी, पण अक्कल बघा! तिला जमतं ते आपल्याला का जमू नये?

दुपारी बिजलीला कळा लागल्या. गोदानं मोबाइलवर पाहिलं आणि गुरांच्या डॉक्टरांना धाडलं; ते तालुक्याला नव्यानंच आलेले. डॉक्टरांनी कडी वाजवली, हाका मारल्या, दारावर बुक्क्या घातल्या. शेवटी बिचारे कुंपणावरून उडी मारून गोठ्यात उतरले. पँट फाटली, पण रेडकू सुखरूप बाहेर आलं.

गोदाचा फोन आला. रडतही होती, हसतही होती. "अहो, रेडकू झालं! डॉक्टर केव्हाचे हात धुवायला पाणी मागतायत. ऐकू येत नाही का तुम्हाला?"

"हळू बोल गं," भिकोबा पलंगाखालून कुजबुजला. "येतंय ना ऐकू. पण उत्तर दिलं तर त्यांना कळेल की आपण घरात आहोत!"