नदीकडच्या टोकाचं निशाण

या, या बाजूने या. गवत ओलं आहे, जपून. आपण आता उभे आहोत ते टॅलोराच्या मैदानाचं नदीकडचं टोक. समोर दिसतंय ते टेकडीकडचं. दोन्ही टोकांना हे चार-चार उंच खांब आहेत, आणि एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत दोनशेच्या वर पावलं भरतात. मी मोजली आहेत. निवृत्त माणसाला दुसरं काम काय? आता पायाशी बघा. खांबांच्या मागे गवतात एक चौकोनी दगड पुरलेला आहे, त्यावर एक अक्षरही नाही. असाच दुसरा दगड समोरच्या टोकाला आहे. पाध्ये मागे राहिलेत, त्यांना येऊ द्या. महिन्यापूर्वीच इथे टॅलोरात मुलाकडे कायमचे राहायला आलेत ते. बसमध्येही सगळ्यांत मागच्या बाकावर एकटेच बसले होते.

मी परुळेकर. या मैदानाची माहिती सांगायचं काम माझ्याकडे कसं आलं ते शेवटी सांगेन. आधी या दगडांचं ऐका. कागदोपत्री शोधायला जाऊ नका, काही सापडणार नाही. इथले म्हातारे सांगत आले तसं मी सांगतो.

इथल्या फुटबॉलची, आपल्याकडच्याहून अगदी वेगळ्या खेळाची, मोठी लीग सुरू होऊन तेव्हा दोन-तीनच हंगाम झाले होते. टॅलोराचा संघही त्या लीगमध्ये होता, म्हणे. लांबोडका चेंडू, दोन्ही बाजूंना ढीगभर खेळाडू, चिखलात लोळालोळ. मधल्या दोन खांबांमधून चेंडू लाथेने गेला की गोल, त्याचे सहा गुण. बाजूच्या फटीतून गेला, किंवा जाता जाता दुसऱ्या कुणाच्या बोटाला नुसता चाटून गेला, तरी एकच गुण. हे ठरवायला प्रत्येक टोकाला पांढरा लांब कोट घातलेला एक अंपायर एकटा उभा असतो. गोल झाला तर तो दोन निशाणं हलवतो, एक गुण असेल तर एक. आणि समोरच्या टोकाचा अंपायर तितकीच निशाणं हलवून त्याला उत्तर देतो.

त्या काळी नदीवर पूल नव्हता. गाड्या-घोडे पलीकडे नेणारी दोरावरची एक मोठी सपाट होडी होती आणि ती टोवी भावांकडे होती. थोरला एमॉस या काठावर, धाकटा सायलस त्या काठावर. होडी सोडण्याआधी एमॉस काठीला बांधलेलं फडकं वर धरायचा. पलीकडे दोर पक्का आहे हे पाहून सायलस आपलं फडकं हलवायचा. मगच होडी सुटायची. त्यांच्या बापाने एकदा पुराच्या दिवसांत घाई केली होती. समोरून उत्तर आलं नव्हतं तरी त्याने निशाण खाली घेतलं आणि होडी सोडली. पलीकडचा दोर बांधलेला नव्हता. बाप तीन दिवसांनी खालच्या वळणावर सापडला. तेव्हा दोघा भावांनी त्या दोरावर हात ठेवून शपथ घेतली, असं सांगतात, की समोरून उत्तर आल्याशिवाय निशाण खाली घ्यायचं नाही.

त्या हंगामातला शेवटचा सामना इथे होता. टॅलोरा जिंकलं असतं तर अजिंक्यपदाच्या फेरीत गेलं असतं. सामन्याला नेमलेले दोन्ही गोल-अंपायर पलीकडच्या रस्त्यावर पाणी आल्यामुळे पोचले नाहीत. दोन्ही कप्तानांनी एकमताने टोवी भावांची नावं घेतली. दिवसभर निशाणं करण्यातच त्यांचा जन्म गेला होता आणि दोघांपैकी खोटं कुणी बोलत नव्हतं. एमॉस इथे, आपण आहोत तिथे उभा राहिला, सायलस समोर. दोघेही टॅलोराचेच. सायलस तर गुडघा जाईपर्यंत याच संघातून खेळलेला.

या कुंपणाच्या मागे आणखी एक माणूस उभा होता. जहाजावरून तापाने आजारी म्हणून उतरवलेला आणि इथेच राहून गेलेला एक हिंदी खलाशी. पाठीवर कापडाचं गाठोडं घेऊन दारोदार फिरायचा. शनिवारी दारं बंद असायची, कारण सगळे मैदानावर, म्हणून तोही इथे यायचा. खेळ त्याला कितपत कळत होता देव जाणे. माणसांचा आवाज कानावर पडावा एवढ्यासाठीच तो येत असावा. त्याचं नाव कुणी विचारलं नाही, त्यामुळे ते कुणाला माहीतही नाही. मी त्याला धाकू तारी म्हणतो. तो मालवणच्या खाडीवरचा होता असंही मी सांगतो. मी स्वतः मालवणचा आहे हे त्याचं एकमेव कारण, तेव्हा हसायचं असेल तर हसा.

सामना संपायला क्षणभर उरला होता आणि टॅलोरा दोन गुणांनी मागे होतं. त्यांच्या एका खेळाडूने इथून तीस पावलांवरून चेंडू मारला. तो थेट मधल्या खांबांतून आला. सगळं मैदान ओरडलं. पण खांबांच्या रेषेवर उडी मारलेल्या विरोधी खेळाडूच्या बोटाला तो चाटून गेला होता. एमॉसने ते पाहिलं. कुंपणामागून धाकूनेही पाहिलं. बाकी कुणाला दिसलं नाही, निदान तसं कुणी कबूल केलं नाही. घंटा वाजली. दोन निशाणं उचलली असती तर टॅलोरा जिंकलं असतं आणि एमॉसलाही दुसरं काही नको होतं. त्याने एक उचललं.

मैदानावरच्या मुख्य अंपायरने ते मान्य केलं आणि निकाल लागला. टॅलोरा एका गुणाने हरलं. पण एमॉसचं निशाण वरच राहिलं, कारण समोरून उत्तर आलं नव्हतं. समोर सायलसने लोकांची आरोळी ऐकली होती आणि दोन निशाणांची वाट पाहिली होती. एकच वर गेलेलं पाहिलं तेव्हा त्याने आपली दोन्ही निशाणं गवतावर ठेवली आणि तो चालू लागला.

लोक एमॉसच्या समोरून गेले. कुणी शिव्या दिल्या, कुणी थुंकलं, बहुतेकांनी नुसतं दुसरीकडे पाहिलं. ज्यांना त्याने वीस वर्षं नदीपार केलं होतं ती ही माणसं. घरी जायची वाट नदीकडूनच, त्यामुळे सायलसलाही इथूनच जावं लागलं. तेव्हा एमॉस त्याच्याशी बोलला. दोघा भावांचं हे शेवटचं बोलणं, म्हणून ते लोकांनी जपून ठेवलं आहे.

"मी बरोबर आहे असं म्हणू नकोस," एमॉस म्हणाला. "दिसलं, एवढं सांग."

"चेंडू बोटाला लागलेला मला दिसला नाही," सायलस म्हणाला. "मग उत्तर कशाचं देऊ?"

"माझं निशाण तर दिसलं ना?"

सायलस थांबला नाही. त्याची चूक झाली ती इथेच. नदीवर उत्तर देण्याचा अर्थ 'तुझं पटलं' असा कधीच नव्हता. 'तू तिथे आहेस हे मला दिसलं' इतकाच होता. हे त्याच्याइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हतं, आणि ऐन वेळी तोच ते विसरला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो पश्चिमेकडे सोन्याच्या खाणींवर निघून गेला.

मैदान रिकामं झालं. हिवाळ्यातली संध्याकाळ, नदीवरून गारठा येत होता. एमॉस निशाण वर धरून उभाच. हात थकला की दुसऱ्या हाताने मनगटाला आधार द्यायचा, पण काठी खाली आली नाही. हट्ट होता, शपथ होती, आणि मला विचाराल तर भीतीही होती. उत्तराशिवाय निशाण खाली घेतलं की माणूस बुडतो, हे त्याने बापाच्या बाबतीत पाहिलं होतं.

धाकू कुंपणामागे तसाच थांबला होता. इंग्रजी त्याला मोडकंतोडकं येत असेल, पण ही गोष्ट कळायला इंग्रजी लागत नव्हतं. खाडीवर तरीची, म्हणजे होडीची, वाट पाहत उभं राहायचं, पलीकडच्याला फडकं दाखवायचं आणि त्याने पाहिलं की नाही या काळजीत राहायचं, हे त्याने लहानपणापासून केलं होतं. त्याने गाठोडं कुंपणाला टेकवून ठेवलं आणि तो आत शिरला. एमॉसकडे न पाहता तो पूर्ण मैदान चालत गेला. चिखलात पाय रुतत होते. समोरच्या खांबांपाशी पोचल्यावर तो वळला, डोक्याचं लाल मुंडासं सोडलं, आणि एकदा, फक्त एकदाच, हलवलं.

एमॉसने निशाण खाली घेतलं.

नंतर दोघे मैदानाच्या मध्यावर भेटले, म्हणे. धाकूने चेंडूला बोट लागल्याची खूण करून दाखवली. आपल्यालाही ते दिसलं होतं, हे त्याला सांगायचं होतं. एमॉसने मान हलवली. त्याला ते आता नको होतं. पलीकडच्या काठावर माणूस हवा आहे, राहशील का, एवढंच त्याने विचारलं.

पुढची अकरा वर्षं धाकू त्या काठावर राहिला आणि एमॉस या. मध्ये नदी. दिवसातून वीस-पंचवीस वेळा एकमेकांना फडकं दाखवायचं, यापलीकडे त्यांचं बोलणं फारसं झालं नाही. लोक होडीत बसायचे, कारण गत्यंतर नव्हतं, पण एमॉसशी बोलायचे नाहीत. टॅलोराचा संघ पुढे त्या मोठ्या लीगमधूनही गेला, तोही दोष त्याच्यावरच. दर वर्षी शेवटचा सामना झाला, मैदान रिकामं झालं, की हे दोघे यायचे. एमॉस इथून एक निशाण उचलायचा आणि धाकू तिकडून लाल मुंडासं हलवायचा. एमॉस आधी कुंपणाकडे एकदा नजर टाकायचा, असं सांगतात. सायलस आला नाही. एका वर्षी एक अनोळखी माणूस कुंपणाशी टोपी काढून उभा होता, तो सायलसच, असं काहीजण म्हणतात. मला तसं वाटत नाही. आला असता तर त्याने उत्तर द्यायला निशाणाची काठी उचलली असती.

मग पूल झाला, होडी बंद पडली, आणि पुढच्या हिवाळ्यात एमॉस गेला. त्या वर्षी सामना संपला तेव्हा लोकांनी पाहिलं, धाकू टेकडीकडच्या टोकाला मुंडासं हातात घेऊन उभा आहे. इकडे कुणीच नाही. उत्तर द्यायला आलेला माणूस, आणि निशाण दाखवणाराच नव्हता. लोक निघता निघता थांबले. तेव्हा, ज्याने अकरा-बारा वर्षांपूर्वी तो चेंडू मारला होता तो खेळाडू, आता पोट सुटलेला, कुंपण ओलांडून आला. त्याने खांबाला टेकवलेली अंपायरच्या निशाणाची काठी उचलली. "बोट लागलं होतं," तो म्हणाला. "मला तेव्हाच कळलं होतं." आणि त्याने एक निशाण वर केलं. समोरून लाल फडकं हललं. त्या दिवशी पहिल्यांदा सगळं टॅलोरा ते पाहायला थांबलं होतं.

धाकू पुढे कुठे गेला ते कुणी सांगत नाही. लोकांनी हे दोन दगड बसवले. नावं कोरायची वेळ आली तेव्हा लक्षात आलं की एकाचंच नाव माहीत आहे. मग एकट्याचं नाव कोरायला कुणी तयार झालं नाही.

तेव्हापासून प्रथा पडली. टेकडीकडच्या टोकाला उत्तर द्यायला गावात सगळ्यांत नवीन असेल तो उभा राहतो. ज्याला इथे कुणी ओळखत नाही, तोच. एक्काहत्तर साली तो मी होतो. कारखान्यातल्या नोकरीसाठी आलो होतो आणि चार महिने माझं नाव कुणी नीट उच्चारलं नव्हतं. पुढे पुढे मीही कुणाला सांगेनासा झालो. एका शनिवारी क्लबच्या एका बाईंनी दार वाजवलं, हातात लाल फडकं दिलं आणि मला तिकडे नेऊन उभं केलं. समजलं काहीच नाही. समोर, फार लांब, पांढऱ्या कोटातल्या एका माणसाने एक निशाण वर केलं आणि ते तसंच धरून तो थांबला. तो माझ्यासाठी थांबला आहे हे कळायला मला थोडा वेळ लागला. मी फडकं हलवलं आणि त्याचा हात खाली आला. त्या दिवशी खोलीवर जाऊन मी रडलो. घरून निघाल्यापासून पहिल्यांदाच रडलो.

आजही हंगामातला शेवटचा सामना संपला की लोक जागचे उठत नाहीत. या कोऱ्या दगडावर पांढऱ्या कोटातला माणूस उभा राहतो, एक निशाण वर करतो, आणि समोरच्या दगडावरून उत्तर येईपर्यंत ते खाली घेत नाही. गेली सहा वर्षं तो कोट माझ्याकडे आहे, आणि कोटाबरोबरच ही माहिती सांगायचं कामही आलं.

तो शेवटचा सामना आज आहे. पाध्ये, जरा पुढे या. हे लाल फडकं धरा. सामना संपल्यावर त्या टोकाला जायचं, वळायचं आणि एकदा हलवायचं. खेळ कळला नाही तरी चालेल, मी दिसलो म्हणजे झालं. फक्त फार वेळ लावू नका. खांदा आताशा दुखतो माझा, आणि तुमचं उत्तर येईपर्यंत मला हात खाली घेता येणार नाही.