मामंजींचा कोट

पाखरांना माणसांची भाषा यायची, तेव्हाची गोष्ट. वेणूताईंनी चिमण्यांसाठी अंगणात दाण्यांची करवंटी टांगली. पण एक धटिंगण डोमकावळाच सगळं फस्त करी. चिंगी चिमणीने रडून घर डोक्यावर घेतलं, तेव्हा ताईंनी वारलेल्या मामंजींचा कोट चढवून बुजगावणं उभं केलं. कावळा फिरकेना. चिंगीचं फावलं.

पितृपक्ष आला. मामंजींचं पान वाढलं. कावळा शिवल्याशिवाय कुणाला घास नव्हता. सगळं घर हात जोडून काव काव करू लागलं.

"मामंजींच्या नावानं जेवायला बोलावताय," कावळा कुंपणावरून म्हणाला, "आणि हाकलायला उभे मामंजीच!"

ताईंनी झटकन कोट काढला. कावळ्याने पान चाटूनपुसून संपवलं आणि तो थेट करवंटीवर जाऊन बसला.

"अहो, आमचे दाणे!" चिंगी किंचाळली.

"हळू गं," ताई पदर सावरत कुजबुजल्या, "मामंजी जेवताहेत."