मुंगीचा दाणा टॅबखाली

एक होती मुंगी. अगदी इवलीशी. शेजारी तीळ ठेवला, तर तीळच मोठा दिसायचा.

ती राहायची शाळेत. दुसरीच्या वर्गात, खिडकीखाली, भिंतीच्या फटीत. तिला एक धाकटी बहीण होती. ती तर इतकी छोटी, की दिसायचीच नाही.

धाकटीचा पाय दुखत होता. तिला चालता येत नव्हतं. सकाळपासून तिच्या पोटात काही नव्हतं.

"ताई, भूक," धाकटी म्हणाली.

"आत्ता आणते," मुंगी म्हणाली. आणि निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

त्या वर्गात मैथिली नावाची एक मुलगी होती. मधल्या सुट्टीत तिने राजगिऱ्याचा लाडू खाल्ला होता. लाडवाचा एक दाणा बाकावर सांडला होता. गोड गोड, गुळाचा.

मुंगीने दाणा उचलला. दाणा केवढा, मुंगी केवढी. ओढला, ढकलला, पुन्हा ओढला. हुश्श. दमली बिचारी. दाणा खाली ठेवला, आणि श्वास घ्यायला जरा बाजूला झाली.

तेवढ्यात बाई म्हणाल्या, "टॅब पालथे."

थप. थप. थप. थप्प!

मैथिलीचा टॅब पालथा पडला. नेमका दाण्यावर.

आता हे काय, टॅब पालथे? ऐका. या वर्गात गुरुवारी मुलं आपापला टॅब घरून आणायची. कुणाचा कोरा करकरीत. कुणाचा दादाचा जुना. कुणाकडे आईचा फोन, कोपऱ्याला तडा गेलेला. ज्याच्याकडे काहीच नाही, तो खुशाल शेजारणीच्या टॅबमध्ये डोकं घालायचा. पण बाईंना काही सांगायचं असलं, की सगळे टॅब पालथे. काच खाली, पाठ वर, डोळे बाईंकडे. सांगून झालं, की "टॅब उताणे". मग पुन्हा सुरू. मोठा गुणी वर्ग होता.

मैथिलीच्या टॅबला जाड रबरी कव्हर होतं. म्हणून दाणा चेंगरला नाही. पण अडकला.

मुंगी टॅबपाशी गेली. तुरुतुरु, तुरुतुरु.

"टॅबदादा, टॅबदादा, ऊठ ना.
दाणा टॅबखाली,
धाकटी घरी उपाशी."

टॅब म्हणाला, "मी नाही उठणार. मैथिलीने उचलल्याशिवाय मी नाही उठणार. मला ना हात, ना पाय."

मुंगी मैथिलीच्या अंगठ्यावर चढली. तुरुतुरु, तुरुतुरु.

"मैथिलीताई, मैथिलीताई, टॅब उचल ना.
दाणा टॅबखाली,
टॅब उठेना,
धाकटी घरी उपाशी."

मैथिली कुजबुजली, "मी नाही उचलणार. बाई 'उताणे' म्हणाल्याशिवाय मी नाही उचलणार." आणि तिने हाताची घडी घातली.

मुंगी बाईंच्या टेबलावर गेली. तुरुतुरु, तुरुतुरु.

बाई गप्प उभ्या होत्या. या बाई कधी ओरडायच्या नाहीत. वर्ग शांत होईपर्यंत वाट पाहायच्या.

"बाई, बाई, 'उताणे' म्हणा ना.
दाणा टॅबखाली,
टॅब उठेना,
मैथिली टॅब उचलेना,
धाकटी घरी उपाशी."

बाई हळूच म्हणाल्या, "मी नाही म्हणणार. भार्गवने टॅब पालथा घातल्याशिवाय मी नाही म्हणणार. नियम सगळ्यांना सारखा, बरं का मुंगूताई."

भार्गव बसला होता मागच्या बाकावर. नाक टॅबला चिकटलेलं. मुंगी त्याच्या मनगटावर चढली. तुरुतुरु, तुरुतुरु.

"भार्गवदादा, भार्गवदादा, टॅब पालथा घाल ना.
दाणा टॅबखाली,
टॅब उठेना,
मैथिली टॅब उचलेना,
बाई 'उताणे' म्हणेनात,
धाकटी घरी उपाशी."

भार्गव म्हणाला, "मी नाही घालणार. कोंब वर आल्याशिवाय मी नाही घालणार. बघ ना, आत्ता येईल."

टॅबवर चवळी कशी उगवते त्याची फिल्म होती. माती हलली होती. मातीला चीर पडली होती. आणि तिथेच सगळं अडकलं होतं. मधे एक चक्र फिरत होतं. गोल गोल, गोल गोल.

मुंगी काचेवर चढली. सर्रकन पाय घसरला. पुन्हा चढली.

"कोंबा, कोंबा, वर ये ना.
दाणा टॅबखाली,
टॅब उठेना,
मैथिली टॅब उचलेना,
बाई 'उताणे' म्हणेनात,
भार्गव टॅब पालथा घालेना,
धाकटी घरी उपाशी."

कोंब आतून म्हणाला, "मी नाही येणार. वायफायने आणल्याशिवाय मी नाही येणार. खऱ्या मातीत असतो, तर कधीच आलो असतो. मी पडलो काचेतला."

वायफायचा डबा होता उंच भिंतीवर. मुंगी चढली, चढली, चढली. तुरुतुरु, तुरुतुरु.

"वायफायकाका, वायफायकाका, कोंब आणा ना.
दाणा टॅबखाली,
टॅब उठेना,
मैथिली टॅब उचलेना,
बाई 'उताणे' म्हणेनात,
भार्गव टॅब पालथा घालेना,
कोंब वर येईना,
धाकटी घरी उपाशी."

वायफायकाकांचे सगळे दिवे विझलेले. ते पेंगत म्हणाले, "मी नाही आणणार. प्लगने वीज दिल्याशिवाय मी नाही आणणार."

प्लग भिंतीतून अर्धा बाहेर आला होता. मुंगी लांबच उभी राहिली. प्लगच्या जवळ जायचं नसतं, हे मुंगीलासुद्धा ठाऊक होतं.

"प्लगभाऊ, प्लगभाऊ, वीज दे ना.
दाणा टॅबखाली,
टॅब उठेना,
मैथिली टॅब उचलेना,
बाई 'उताणे' म्हणेनात,
भार्गव टॅब पालथा घालेना,
कोंब वर येईना,
वायफाय कोंब आणेना,
धाकटी घरी उपाशी."

प्लग म्हणाला, "मी नाही देणार. मावशींनी दाबल्याशिवाय मी नाही देणार. त्यांचा झाडू लागला आणि मी असा लोंबकळलो."

मावशी होत्या बाहेर व्हरांड्यात. शाळेची खिचडी त्याच रांधायच्या, शाळा त्याच झाडायच्या. आता त्या खिचडीचं भलंमोठं पातेलं घासत होत्या. खर्रर खर्रर. मुंगी उंबरा ओलांडून गेली. तुरुतुरु, तुरुतुरु.

"मावशी, मावशी, प्लग दाबा ना.
दाणा टॅबखाली,
टॅब उठेना,
मैथिली टॅब उचलेना,
बाई 'उताणे' म्हणेनात,
भार्गव टॅब पालथा घालेना,
कोंब वर येईना,
वायफाय कोंब आणेना,
प्लग वीज देईना,
धाकटी घरी उपाशी."

मावशींनी हात वर करून दाखवले. टप टप पाणी.

"अगं बाई, ओल्या हातांनी मी प्लगला शिवत नसते. मांजरीने टॉवेल सोडल्याशिवाय मी नाही दाबणार. बघ कशी लोळलीय महाराणी."

कट्ट्यावर मावशींचा टॉवेल होता. टॉवेलावर मांजर होती. मांजरीच्या पोटात खिचडी होती. घुर्र घुर्र, घुर्र घुर्र.

मुंगी मांजरीच्या कानाशी गेली. तुरुतुरु, तुरुतुरु.

"माऊताई, माऊताई, टॉवेल सोड ना.
दाणा टॅबखाली,
टॅब उठेना,
मैथिली टॅब उचलेना,
बाई 'उताणे' म्हणेनात,
भार्गव टॅब पालथा घालेना,
कोंब वर येईना,
वायफाय कोंब आणेना,
प्लग वीज देईना,
मावशी प्लग दाबेनात,
धाकटी घरी उपाशी."

मांजरीने एक डोळा उघडला. अर्धाच.

"मी नाही सोडणार."

"कुणी काय केल्याशिवाय?" मुंगीने विचारलं.

"कुणी काहीही करो. मी कुणासाठी उठत नसते." आणि मांजरीने डोळा मिटला. घुर्र घुर्र.

झालं. आता कुणाकडे जायचं? पुढे कुणीच उरलं नाही.

मुंगी तिथेच बसली. तिला फार वाईट वाटलं. डोळ्यांत पाणी आलं. मुंगीच्या डोळ्यांतलं पाणी ते केवढं असणार, पण आलं. तिला फट आठवली. फटीतली धाकटी आठवली. दुखरा पाय पोटाशी घेऊन ती वाट बघत असेल.

मुंगी उठली. डोळे पुसले. आणि चढली.

मांजरीच्या पंजावर. तुरुतुरु.
मांजरीच्या गळ्यावर. तुरुतुरु.
मांजरीच्या मिशीवर. झुलली. झोका घेतला.
आणि थेट मांजरीच्या नाकात.

गुदगुद, गुदगुद, गुदगुद.

"आ..." मांजर म्हणाली.

गुदगुद, गुदगुद.

"आ... आ..."

गुदगुद.

"आ... आ... आक्‌छी!"

मांजर उडाली टुणकन. मुंगी उडाली भुर्रकन, आणि पडली मावशींच्या पदरावर.

मांजरीने टॉवेल सोडला.
मावशींनी हात पुसले. खसाखसा, कोरडे ठणठणीत. आत आल्या, प्लग दाबला. खट्ट.
प्लगने वीज दिली. झुईं.
वायफायचे दिवे लागले. लुकलुक, लुकलुक.
वायफायने कोंब आणला.
कोंब वर आला. टुक्क. हिरवागार, मान वाकडी करून.
"आला, आला," भार्गव म्हणाला. आणि टॅब पालथा घातला. थप्प.

मग बाई बोलल्या. इतका वेळ थांबल्या होत्या, तरी आवाज तसाच गोड.

"मुलांनो, आपल्या वर्गातलं अगदी छोटं काहीतरी शोधा. टॅबवर मोठं करून मला दाखवा. टॅब उताणे."

मैथिलीने टॅब उचलला.

खाली दाणा होता. तसाच, गोड गोड, गुळाचा. मुंगी पदरावरून उतरली, बाकावर चढली, आणि दाण्याला जाऊन बिलगली.

"मुंगे, हा तुझा दाणा," मैथिली म्हणाली. "पण थोडी थांबशील? मला तुला मोठं करायचंय."

मुंगी थांबली. मैथिलीने टॅबचा कॅमेरा तिच्यावर धरला. दोन बोटं काचेवर ठेवून लांब केली. मुंगी वाटाण्याएवढी झाली. बोटं पुन्हा लांब केली. मुंगी लिंबाएवढी झाली. पुन्हा केली. आता टॅबभर मुंगीच मुंगी.

कुणी खडूची भुकटी शोधत होतं, कुणी खोडरबराचा चुरा. सगळं सोडून सगळे मैथिलीच्या बाकाभोवती जमले.

"बाई, तिला गुडघे आहेत."

"बाई, तिचे पाय थरथरतायत."

"बाई, दाणा तिच्याहून मोठा आहे," भार्गव म्हणाला. "हा ती एकटी नेणार?"

"एकटी," बाई म्हणाल्या.

मुलं नुसती बघत राहिली. रोज पायाखालून जाणारी मुंगी, आणि ती अशी असते, हे कुणाला माहीतच नव्हतं. सगळ्यांना तिचं फार फार कौतुक वाटलं. मावशी दारात उभ्या होत्या, त्यांनासुद्धा.

"मी नेऊन देऊ का गं?" भार्गवने विचारलं.

"नको रे दादा," मुंगी म्हणाली. "तुझं बोट आमच्या दारात मावायचं नाही."

"मग वाट तरी द्या तिला," बाई म्हणाल्या.

मुलांनी दप्तरं उचलली. पाण्याच्या बाटल्या उचलल्या. पाय वर घेऊन बाकावर मांड्या घातल्या. वर्गाची सगळी फरशी मोकळी झाली.

मुंगी निघाली. दाणा ओढला, ढकलला, पुन्हा ओढला. हुश्श. पण थांबली नाही. तुरुतुरु, तुरुतुरु. बाक उतरली, फरशी ओलांडली, खिडकीखाली आली आणि फटीत शिरली.

"धाकटे, ए धाकटे, हा बघ दाणा."

धाकटी उठून बसली. तिने दाणा बघितला. हसली. मग तिने ताईकडे बघितलं.

"ताई, तू काय खाल्लंस?"

मुंगी टॅबला म्हणाली होती, धाकटी उपाशी. बाईंना म्हणाली होती, धाकटी उपाशी. मावशींना, मांजरीला, सगळ्यांना तेच. पण ताई उपाशी आहे, हे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. ताईच्या स्वतःच्याही नाही.

धाकटीच्या लक्षात आलं.

तिने दाणा फोडला. कट्ट. एक तुकडा मोठा झाला, एक छोटा. मोठा तुकडा तिने ताईपुढे सरकवला.

"आधी तू," धाकटी म्हणाली.

मग दोघी जेवायला बसल्या. कुटुर कुटुर, कुटुर कुटुर.

ताई जेवली, धाकटी जेवली, आणि आपली गोष्टही पोटभर झाली.