वरली आळी खाली करा!

"उद्या सूर्य उगवायच्या आत वरली आळी खाली करा हो!" पिसारगडच्या कड्यावर दवंडी फिरली, आणि नाकतोडे तळणाऱ्या भिंगरीच्या हातातला झारा तसाच कढईत राहिला.

पिसारगड हा पंखवाल्या माणसांचा मुलूख. मुलूख म्हणजे काय, एक उभा कडा, त्याला कपारी, आणि कपारीकपारीत बिऱ्हाडं. मूळपुरुष समुद्रापलीकडून उडत उडत इथे आले, तेव्हा राजा कोणी व्हायचं यावरून त्यांच्यात जुंपली. एकमेकांची पिसं उपटून झाली. तोवर एक म्हातारा दमून सगळ्यात वरच्या सुळक्यावर जाऊन बसला होता. त्याच्याकडे बोट दाखवून सगळे म्हणाले, "जाऊ द्या, हाच राजा!" तेव्हापासून कायदा झाला: ज्याच्या वर कोणी नाही, तो राजा. हा कायदा पोराटोरांनाही पाठ. राज्यकारभारही त्याच शिस्तीत चाले. राजाच्या हातभर खाली पंतप्रधान, त्याच्या खाली खजिनदार, त्याच्या खाली कोतवाल. पिसारगडात वरिष्ठ म्हणजे खरोखरच वर बसलेला.

पण आत्ताच्या महाराजांच्या, म्हणजे शिखरसेनांच्या, उजव्या पंखात वात भरला. सुळक्यावरचा वारा सोसेना. वैद्य म्हणाले, जरा खाली उबेला राहा. महाराज महाहट्टी! त्यांनी गादी उचलली ती थेट पायथ्याला, ओढ्याच्या काठी आणून टाकली. आता अधिकाऱ्यांची आली का पंचाईत! पंतप्रधान घारोपंत हातभर खाली, म्हणजे घोटाभर पाण्यात. खजिनदार कमरेएवढ्या. कोतवालाचं नुसतं नाक वर दिसायचं, त्यानेच तो सलाम करायचा.

पाण्यात उभं राहून राहून घारोपंतांना एक विचार सुचला. महाराजांच्या वर तर अख्खी प्रजा राहते आहे! हा राजद्रोहच की! तेव्हा आधी सगळ्यात उंचावरची वरली आळी उठवायची, मग हळूहळू बाकीचा कडा.

आळीकरांनी मुकाट्याने बोचकी बांधायला घेतली. भिंगरीला मात्र घाम फुटला. तिची थोरली बहीण तांबटी अंडं उबवत बसली होती, आणि सगळ्यात वरचं घर त्यांचंच. अंगात सगळ्यात गरम काय, तर डोकं, म्हणून पिसारगडच्या बायका अंडं डोक्यावर उबवतात. चुंबळीवर अंडं ठेवायचं, आणि पिल्लू बाहेर येईपर्यंत मान हलवायची नाही. अंडं हललं की आतला जीव गेलाच म्हणून समजा.

"भिंगे, काहीतरी कर गं!" तांबटी मान ताठ ठेवून रडत होती. "मला कड्यावरून ढकललं तरी मी उठायची नाही!"

"ढकललं तर उडशीलच की तू," भिंगरी म्हणाली. तिने बहिणीचे डोळे पुसले आणि तडक दरबार गाठला.

"काय गं नाकतोडेवाले, आज भवानी इथेच करतेस वाटतं?" घारोपंतांनी विचारलं.

भिंगरीने तिकडे लक्षच दिलं नाही. "महाराज, आमची आळी राहू द्या. ताईचं अंडं हलवलं तर मरेल हो!"

महाराजांना वाईट वाटलं. पण हट्ट तो हट्ट! "हे बघ पोरी, मी इथून हलणार नाही. कायद्याचं अक्षर बदलणार नाही. एवढं सांभाळून तुझी आळी वर ठेवून दाखव. जमलं तर राहा. नाहीतर उद्या अंडं खाली!"

दरबार खो खो हसला. कोतवालाच्या तोंडात पाणी गेलं.

"अहो, ते जमलेलंच आहे!" भिंगरी म्हणाली. "कायदा काय म्हणतो, महाराज?"

"ज्याच्या वर कोणी नाही, तो राजा."

"मग आज अख्ख्या पिसारगडात कोणाच्या वर कोणी नाही?"

सगळ्यांनी माना वर केल्या. पार वर, शेवटच्या घरात, तांबटी ताठ बसलेली दिसत होती. आणि तिच्या डोक्यावर अंडं.

"अंडं?" घारोपंत किंचाळले. "अंडं राजा?"

"तुम्ही गादी खाली आणलीत तेव्हापासून तेच राज्य करतंय. आली का काही तक्रार?"

घारोपंतांनी आठवून पाहिलं. तक्रार आली नव्हती.

"आळी उठवायचा हुकूम निघाला तो तुमचा, पंत. आमच्या राजाने अजून तोंडसुद्धा उघडलेलं नाही!"

महाराजांच्या भुवया चढल्या. "अस्सं! मग मी कोण गं?"

भिंगरीने हात जोडले. "राजा लहान असला की राज्य कोण बघतं, महाराज?"

"कारभारी."

"आमचा राजा तर अजून कवचात आहे. तेव्हा कारभारी तुम्ही! आणि कारभाऱ्याच्या वर कोणी असू नये, असा कायदा कुठे आहे? बसा की खुशाल उबेला! तुम्ही हलला नाहीत, अक्षर बदललं नाही, आळीही वरच!"

कोतवाल लगेच काठावर चढून पंख पिळायला लागला. महाराज मात्र गादीवर पुढे सरकले. "थांब! उद्या ते पिल्लू मोठं होऊन माझी गादी मागायला आलं, तर?"

"येऊ दे की! गादी आहे इथे खाली. बसायचं तर त्याला उतरून यावं लागेल. आणि खाली उतरला, की तो राजा कसला?"

महाराजांचं पोट हललं, मिश्या हलल्या, आणि ते असे गडगडून हसले, की कपारीकपारीतून लोक डोकावले.

"घारोपंत, आजपासून दरबारचे नाकतोडे हिच्याच कढईतले!" डोळे पुसत महाराज म्हणाले. मग त्यांनी अंगावरची मऊ पिसांची दुलई काढून भिंगरीच्या हातात ठेवली. "आणि ही घेऊन आत्ताच्या आत्ता वर जा. महाराजांना गार लागता कामा नये!"